कार्ड ८३, प्रोसेसर ९५: माझ्या पीसीची उन्हाळ्यातली मोजणी

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. मे लागला होता आणि आमच्या इकडं, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात, पारा ४४-४५ ला टेकला होता. माझा पीसी ज्या खोलीत आहे तिच्यावर टिना, म्हणजे पत्रे आहेत, त्यामुळे दुपारी आत नुसतं बसणंसुद्धा जड जातं. तर त्या दिवसांत गेम लावला की पहिली वीस मिनिटं एकदम मस्त चालायचा, ६०-६५ एफपीएस (सेकंदाला तेवढी चित्रं), आणि मग हळूहळू अडकायला लागायचा, ३८-४० वर यायचा, गाडी वळवताना चित्र क्षणभर थांबून पुढं उडी मारायचं, आणि फॅनचा आवाज तर असा की सपरीत, म्हणजे ओसरीत बसलेली आजी आतमध्ये डोकावून विचारायची, "कायची चक्की लावली रे पोट्ट्या?"

पीसी काय आहे ते सांगतो. प्रोसेसर रायझन ५ ३६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० बारा जीबीवालं, १६ जीबी रॅम, बी४५० मदरबोर्ड. कार्ड सेकंडहँड आहे, २०२२ च्या शेवटी घेतलं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इथेरियम या डिजिटल नाण्याचं मायनिंग, म्हणजे कार्डावर दिवसरात्र गणितं चालवून नाणी मिळवणं, बंद झालं आणि बाजारात वापरलेली कार्डं भरपूर आली, त्यातलंच एक मी नागपूरला बर्डीवर एका दुकानातून उचललं. म्हणून गेम अडकायला लागल्याबरोबर सगळ्यांचं बोट कार्डाकडंच गेलं, माझंही. लहान भाऊ म्हणे "दादा, मी तेव्हाच म्हटलं होतं." दुकानात फोन केला तर तिकडून न बघताच उत्तर आलं, मायनिंगचं असेल, गेलं असेल, जुनं आणून दे आणि वर पंधरा-सोळा हजार टाक, दुसरं देतो. पंधरा हजार म्हणजे आमच्याकडं दोन क्विंटल कापूस. असे पैसे नुसत्या अंदाजावर टाकायला मी तयार नव्हतो.

आता माझी चूक काय झाली होती ते बघा, कारण मला वाटतं ही चूक बरेच जण करतात. मी आफ्टरबर्नर नावाच्या कार्डाच्या प्रोग्राममध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दाखवायला लावले होते, पण टिक फक्त एफपीएस आणि कार्डाच्या टेम्परेचरला केली होती. आणि विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला तर तिथंही कार्डाचंच टेम्परेचर दिसतं, विंडोज १० च्या २००४ नावाच्या अपडेटपासून ते यायला लागलं, पण माझ्या विंडोजमध्ये प्रोसेसरचं टेम्परेचर तिथं कुठंच नाही. म्हणजे दोन जण खोलीत आहेत आणि मी एकाच्याच तोंडाकडं बघून राहिलो होतो. कार्ड दाखवत होतं ८३ डिग्री, ८३ मोठा आकडा वाटतो, झालं, चोर सापडला.

मग पुण्याला कंपनीत असलेल्या माझ्या मित्राला विचारलं, तो पीसी बांधून देतो लोकांना. त्याचं पहिलं वाक्य होतं, "प्रोसेसर किती आहे?" मी म्हटलं माहीत नाही. तो म्हणाला एचडब्ल्यूइन्फो टाक, पीसीतले सगळे सेन्सर वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे, फक्त सेन्सर्सवर टिक कर, गेम अर्धा तास चालव आणि मॅक्सिममवाला कॉलम वाच. केलं तसं. कार्ड ८३ आणि प्रोसेसर ९५. ९५ पाहून मला खरंच धस्स झालं, कारण खाली एक ओळ असते थर्मल थ्रॉटलिंगची, म्हणजे तापल्यामुळे स्पीड कापला जातोय का याची, ती एरवी नो असते, ती येस झाली होती.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला मला दोन दिवस लागले. ८३ आणि ९५ हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून कोण जास्त गरम असं बघायचंच नसतं. प्रत्येकाची हद्द वेगळी. ३०६० ची कंपनीनं दिलेली हद्द ९३, पण ते कार्ड मुळात ८३ च्या आसपासच थांबायचं ठरवून येतं, तिथं पोचलं की ते स्वतःच पंधरा-पंधरा मेगाहर्ट्झनं खाली उतरत राहतं आणि ८३ धरून ठेवतं. रायझन ३६०० ची हद्द ९५. म्हणजे माझं कार्ड आपल्या हद्दीच्या दहा खाली होतं आणि प्रोसेसर बरोबर हद्दीवर उभा होता. त्याच्याकडं जायला जागाच नव्हती, म्हणून तो स्पीड कापत होता. सुरुवातीला सहाही कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास, अर्ध्या तासानं ३.५. गेम अडकायचं कारण तिथं होतं.

पण मग दुसरा प्रश्न पडला. ३०६० खाते १७० वॅट. ३६०० वर लिहिलंय ६५ वॅट, प्रत्यक्षात बोर्ड त्याला ८८ पर्यंत जाऊ देतो. अर्धी वीज खाणारा जास्त गरम कसा? मित्रानं सांगितलं ते मला फार पटलं. कार्डाची चिप मोठी आहे, २७६ चौरस मिलिमीटर, आणि तिच्यावर थेट हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, बसलेलं असतं. ३६०० मध्ये ज्या तुकड्यात सगळे कोर आहेत तो फक्त ७४ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे नखाएवढा, त्यात तो मधोमध नाही, एका बाजूला आहे, आणि वरून धातूचं झाकण, मग उष्णता पुढं नेणारी पेस्ट, मग हीटसिंक. एवढ्याशा जागेतून तेवढी उष्णता बाहेर काढायची. म्हणून प्रोसेसरचा आकडा चढलेला असतो, आणि उड्याही मारतो, नुसतं ब्राउझर उघडलं तरी ४८ वरून ६२ वर जाऊन परत येतो, कारण एक कोर क्षणभर ४.२ वर धावतो. कार्डाचा आकडा तसा नाही, तो बैलगाडीसारखा चढतो आणि बैलगाडीसारखा उतरतो. हे माहीत नव्हतं तेव्हा मी त्या उड्या बघूनच घाबरून जायचो.

आता मोजणी नीट करायची ठरवली. वहीत रकाने पाडले: वेळ, खोली, कार्ड, प्रोसेसर, दोघांचा स्पीड. खोलीचं टेम्परेचर कशानं मोजू, तर आमच्या शेजारच्या काकांचं ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड आहे, त्यांच्याकडं तापमान आणि ओलावा दाखवणारं छोटं डिजिटल मीटर असतं, एक जास्तीचं पडलं होतं ते आणलं. काकांनी देताना सांगितलं, "भितीले नको लावू रे, कोंबडी जिथं बसते तिथं लाव, आमी तसंच लावतो." मी घरी आलो आणि आधी भिंतीला लावून पाहिलं, ३९. मग कॅबिनेटच्या, म्हणजे पीसीच्या डब्याच्या समोर, जिथून ते हवा ओढतं तिथं खाली ठेवलं आणि गेम चालू केला, वीस मिनिटांनी ४३. चार डिग्री जास्त! कारण माझं कॅबिनेट टेबलाखाली, एका बाजूला भिंत, मागं भिंत, समोर खताच्या रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा, मागून निघालेली गरम हवा फिरून परत पुढूनच आत जात होती. आत दोघं मिळून अडीचशे वॅट जळत होते, काका पिल्लांना ऊब द्यायला शंभरचे पिवळे बल्ब लावायचे तसे अडीच बल्ब त्या डब्यात सतत चालू आहेत असं समजा.

दुपारच्या आकड्यांतून खोलीचे ३९ वजा केले तर कार्ड खोलीपेक्षा ४४ नं वर आणि प्रोसेसर ५६ नं वर. रात्री दीड वाजता परत तोच गेम, तीच जागा, तेवढाच वेळ. खोली ३१. कार्ड ७८, प्रोसेसर ९२. वजा केले तर ४७ आणि ६१. मी चक्रावलो, थंडीत फरक वाढला कसा? रात्री पीसी जास्त तापून राहिला का? नाही. दुपारी कार्ड आपल्या ठरलेल्या ८३ ला आणि प्रोसेसर ९५ ला लागून, दोघंही स्पीड कमी करून बसले होते, म्हणून दुपारचा फरक कमी दिसला. खरा फरक रात्रीचाच. हे मला स्वतःला वहीतले रकाने बघताना सापडलं, स्पीडचा रकाना नसता तर सापडलं नसतं. दुपारी कार्ड १८९० वरून १७५५ वर आलं होतं, रात्री १८७५ च्या खाली उतरलंच नाही. म्हणून मी आता कोणी नुसता आकडा पाठवला की आधी दोन गोष्टी विचारतो, खोली किती आणि स्पीड किती.

मधे दोन रात्री वाया गेल्या, टेस्ट चालू असताना लाईन गेली आणि यूपीएसवर गेम अर्धा तास कुठून चालणार. असो.

मग दोघांना वेगळं वेगळं तापवून पाहिलं, आणि माझ्या मते या सगळ्यात हीच पायरी सगळ्यात कामाची. रात्री, खोली ३१. पहिले फक्त प्रोसेसर, त्याला पूर्ण कामाला लावणारी सिनेबेंच आर२३ ही टेस्ट दहा मिनिटं, कार्ड रिकामं. प्रोसेसर ८८, कार्ड ४६, त्याचे पंखेसुद्धा बंद, ते गार असलं की फिरतच नाहीत, त्यात बिघाड काही नाही. अर्धा तास थंड होऊ दिलं. मग फक्त कार्ड, युनिजिन हेवन ही कार्डाची टेस्ट लावून ठेवली, ह्यात प्रोसेसरला फारसं काम नसतं. कार्ड ७७. आणि प्रोसेसर, जो जवळपास रिकामा बसला होता, तो ७३! त्याचा स्वतःचा भार नसताना. म्हणजे कार्ड जी गरम हवा आत सोडतं ती वर जाते, वर प्रोसेसरचा कूलर बसलेला, तो तीच हवा ओढून प्रोसेसरवर मारतो. कार्ड स्वतः ठणठणीत आहे आणि शेजाऱ्याला भाजून राहिलं आहे.

तिसरी टेस्ट, कॅबिनेटचं बाजूचं पॅनल काढून गेम. कार्ड ७१, प्रोसेसर ८०. कार्ड सातनं उतरलं, प्रोसेसर बारानं. एक पत्रा काढल्यानं बारा डिग्री! आता शंकाच नव्हती, हवा आत येत नाहीये आणि बाहेर जात नाहीये.

कार्डाबद्दलचा संशयही इथंच संपला. एचडब्ल्यूइन्फोमध्ये जीपीयूच्या, म्हणजे कार्डाच्या चिपच्या, खाली हॉट स्पॉट म्हणून अजून एक आकडा असतो, चिपवरची सगळ्यात गरम जागा. माझा नेहमी मुख्य आकड्यापेक्षा १२-१३ नं वर असायचा, ७८ ला ९०. एवढा फरक ठीक असतो, तो पंचवीस-तीसवर गेला असता तर कार्डाची पेस्ट सुकली किंवा हीटसिंक नीट टेकलं नाही असं म्हणता आलं असतं. मायनिंगमधून आलं असो की आणखी कुठून, माझं कार्ड नीट होतं. मी ते उघडलंच नाही.

आता कॅबिनेट उघडायची वेळ. बाजूचा पत्रा मी आधी काढला होता पण समोरचं तोंड कधीच काढलं नव्हतं. ते काढलं, आत जाळीचा फिल्टर असतो त्याच्याकडं पाहिलं आणि मी भावाला हाक मारली. काळी जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर राखाडी-पांढरा नमदा बसला होता, जाड, एका कोपऱ्यातून नखानं उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला, हातात धरून उजेडाकडं केला तर मधे मधे पत्तीचा बारीक चुरा आणि लांब लांब पांढरे तंतू. कापूस!

तेव्हा लक्षात आलं. डिसेंबरपासून मार्चपर्यंत बाबांनी कापूस त्याच खोलीत भरून ठेवला होता, भाव वाढेल म्हणून. आमच्याकडं सगळेच ठेवतात, कोणाच्या माजघरात कोणाच्या सपरीत, छताला लागेपर्यंत, आणि अंगाला खाज सुटते ती वेगळी. मी त्याच्या बाजूला बसून रोज चार तास पीसी चालवायचो. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, कापूस गाडीत भरला, खोली झाडली, पण पीसीनं चार महिने जो कापूस ओढून घेतला होता तो तिथंच. हिवाळ्यात खोली २०-२२ असायची म्हणून काही कळलं नाही, मे आला आणि सगळं उघडं पडलं. बाबांना तो नमदा दाखवला तर त्यांनी चिमटीत घेऊन तंतू ओढून पाहिला, सवयच आहे त्यांना, आणि म्हणाले, "धागा चांगला हाये." मग जरा वेळानं म्हणाले, "मले सांगाचं ना, कापूस तिकडल्या खोलीत टाकला असता."

प्रोसेसरच्या कूलरमध्ये वेगळाच प्रकार. पंख्याच्या खाली, पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मधे, तंतूंची एक गोल चकती तयार झाली होती, वरून दिसतच नाही, वरून पंखा छान फिरताना दिसतो. चार छोटे स्क्रू काढून पंखा वेगळा केला तेव्हा दिसली. पंखा हवा मारत होता आणि ती चकती हवा अडवत होती. कार्डाच्या पात्यांतही होतं पण तेवढं नाही.

साफ करायला कोणी म्हणालं पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा मार. मी नाही मारली, त्या हवेत पाणी आणि तेल असतं आणि जोर इतका की पंख्याची पाती तुटू शकतात. रंगाचा नवीन ब्रश आणि सायकलचा पंप, एवढ्यावर केलं, पंख्याला एका बोटानं धरून ठेवायचं म्हणजे हवेनं तो गरगर फिरत नाही. दोन तास लागले. सपरीत बसून केलं, कारण आत केलं असतं तर परत तेच.

आता जी चूक मी केली ती सांगतो, कोणी करू नये म्हणून. पेस्टही बदलायची होती. मी पीसी सकाळपासून बंद ठेवलेला, थंड, आणि कूलरचे स्क्रू काढून सरळ वर ओढला. आधी आलाच नाही. जरा जोर लावला तर टक् आवाज आला आणि कूलर हातात, आणि त्याच्या बुडाला प्रोसेसर चिकटलेला. बोर्डवर प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटची दांडी खाली लॉकच होती. जुनी पेस्ट सिमेंट झाली होती. ३६०० ला खाली पिना असतात, १३३१, केसासारख्या, आणि त्या आता हवेत. माझ्या हाताला कापरं सुटलं, खरंच. मी तो तसाच उलटा धरून बसलो, ठेवायची भीती, ठेवला तर पिना वाकतील.

आई सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पुसले, मोबाईलची बॅटरी लावून तिरपी धरली आणि चष्मा कपाळावर सारून जवळून बघायला लागली. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. ती म्हणाली, "ही पाय, कोपऱ्यावरची. अन् हिच्या बाजूची बी. बाकीच्या रांगेत हायेत." डाळीतला खडा काढणारी नजर आहे तिची, दोन पिना नेमक्या सापडल्या. भावाच्या कंपासमधली टिक टिक पेन्सिल घेतली, तिची शिसं काढून टाकली, पुढची पोकळ नळी त्या पिनेवर चढवली आणि अगदी किंचित, श्वास रोखून, सरळ केली. मग दुसरी. आईनं बॅटरी हलू दिली नाही. प्रोसेसर सॉकेटवर ठेवला तर आपोआप खाली बसला, अजिबात दाबावा लागला नाही, तेव्हा जीव खाली पडला.

बरोबर पद्धत नंतर मित्रानं सांगितली. काढायच्या आधी पीसी पाच-दहा मिनिटं चांगला तापवायचा, मग बंद करून, वायर काढून लगेच, पेस्ट नरम असतानाच, कूलर वर न ओढता आधी डावीकडं-उजवीकडं हळू फिरवायचा, सुटला की मग उचलायचा. एवढं एक वाक्य मला आधी माहीत असतं तर!

जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ते राळेगावात मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडं मिळालं, त्यानं छोट्या बाटलीत काढून दिलं. पेस्ट ऑनलाईन मागवली, गावात पोचायला सहा दिवस. तोपर्यंत पीसी उघडा, त्यावर आजीचं धुतलेलं जुनं लुगडं झाकून ठेवलं, आणि तिनं ते कोणालाही उचलू दिलं नाही. पेस्ट आल्यावर मधे तुरीच्या दाण्याएवढी टाकली, कूलर सरळ बसवला, स्क्रू एकदम एक न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो. कॅबिनेट टेबलाखालून काढून वर ठेवलं, मागच्या भिंतीपासून हातभर लांब. मागं एक १२० मिलिमीटरचा पंखा नव्हताच, जागा रिकामी होती, तो घेऊन लावला, हवा बाहेर फेकणारा.

पहिली रात्र, खोली ३१, तोच गेम, अर्धा तास. कार्ड ७२, प्रोसेसर ७९. म्हणजे आधीच्या ७८ आणि ९२ वरून. प्रोसेसर तेरानं खाली. मी भावाला झोपेतून उठवून दाखवलं.

पण नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, अजून यायचा होता आणि मला अजून थोडी मोकळीक पाहिजे होती. मित्र म्हणाला कार्डाला अंडरव्होल्ट कर, म्हणजे त्याच कामाला कमी व्होल्टेज दे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल एफ दाबलं की व्होल्टेज आणि स्पीडची रेघ उघडते, तिच्यात ८५० मिलीव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झचा ठिपका बसवला आणि त्याच्या पुढची रेघ सपाट केली. कार्डाची वीज १६५ च्या आसपास होती ती १२५ वर आली, एफपीएस फक्त दोन-तीन कमी. एका झटक्यात जमेलच असं नाही, प्रत्येक कार्ड वेगळं, गेम बंद पडला तर थोडं व्होल्टेज वाढवायचं, मला दुसऱ्या प्रयत्नात जमलं. कार्ड ७२ वरून ६५. आणि प्रोसेसर, ज्याला मी यावेळी हातही लावला नव्हता, तो ७९ वरून ७५. हे चार डिग्री कार्डानं त्याला दिलेले होते, कार्डानंच परत घेतले. तुमचा प्रोसेसर तापत असेल आणि खाली मोठं कार्ड असेल तर नवीन कूलर घ्यायच्या आधी हे फुकटचं करून बघा असं मी मनापासून सांगतो. तसंच व्हॅलोरंटसारखा हलका गेम, माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा, आणि गेम अडीचशे एफपीएस काढायचा, दिसणार तर पंचाहत्तरच, बाकीची नुसती उष्णता. ७५ ला बांधून टाकला.

खोलीच्या कूलरबद्दलही लिहितो, कारण इकडं प्रत्येक घरात तो असतोच. कूलर लावला की खोली ३९ वरून ३२ वर येते आणि दोन्ही आकडे जवळजवळ तेवढेच उतरतात, फायदा मोठा आहे. ओलाव्यानं पीसीत पाणी धरेल अशी भीती बाबांना होती, पण चालू पीसीचे भाग खोलीपेक्षा गरम असतात, गरम वस्तूवर दव धरत नाही. भीती वेगळी आहे. आमचं बोअरचं पाणी जड, कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे गवताच्या जाळ्यांवर, पांढरे क्षार चढतात, आणि कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर असला तर बारीक शिंतोड्यांबरोबर ते क्षार आत जातात, बोर्डवर सुकतात. म्हणून कूलरचं तोंड दुसऱ्या भिंतीकडं, कॅबिनेटला फिरून आलेली हवा मिळते.

२५ मे ला नवतपा लागला. २७ ला दुपारी अडीच वाजता मुद्दाम कूलर बंद ठेवून, दार लावून, ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसलो आणि गेम चालू केला. खोली ३९, पहिल्या दिवसाएवढीच. अर्धा तास. कार्ड ७३, प्रोसेसर ८४. थर्मल थ्रॉटलिंग नो. प्रोसेसरचा स्पीड सुरुवातीला होता तोच शेवटी, एफपीएस ६० च्या खाली नाही. आणि वहीत वजाबाकी केली तर खोलीपेक्षा कार्ड ३४ वर, प्रोसेसर ४५ वर. मग मागच्या पानावरची रात्रीची ओळ पाहिली: खोली ३१, ६५ आणि ७५, म्हणजे ३४ आणि ४४. दिवस-रात्र एकच फरक! कोणीच हद्दीला अडकून बसलं नाही तर असंच यायला पाहिजे, आणि तसंच आलं. ती ओळ मी पेनानं दोनदा गिरवली.

आता फिल्टर दर महिन्याला धुतो, मळणीच्या दिवसांत दर आठवड्याला, सोयाबीनचा भुसा कापसापेक्षा बारीक असतो आणि जाळीतून सरळ आत जातो. यंदाची पराटी, म्हणजे कपाशी, फुटायला लागली आहे. बाबांनी कापूस यावेळी तिकडल्या खोलीत टाकायचं कबूल केलं, पण ती छोटी आहे, तीस क्विंटलच्या वर माल झाला तर मावणार नाही. म्हणून पहिला वेचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा कापूस, घरात यायच्या आधी एकदा रात्रीची मोजणी करून ठेवणार आहे, तोच गेम, तोच अर्धा तास, आणि मग दर पंधरा दिवसांनी. वहीत रकाने आखून ठेवले आहेत.